ओट्यावरचे इलेक्ट्रॉन

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी पांढरकवड्याच्या शाळेत आठवीत होते. तोवर त्या शाळेत एकाही मुलीनं विज्ञान घेतलेलं नव्हतं. मनाई अशी नव्हती. नववीत विज्ञान घ्यायचं की आणखी काही, हे वर्गात उभं राहून सांगायचं असे, आणि मुली उभ्या राहून 'गृहशास्त्र' म्हणत. कुणी वेगळं विचारलंच तर हेडमास्तरांचं उत्तर तयार असे : "एवढ्या पोरांत एकटी पोरगी प्रयोगशाळेत कशी बसवू?" प्रयोगशाळा म्हणजे मैदानाच्या टोकाची पत्र्याची खोली. तिच्या पलीकडून हैदराबादकडे जाणारे ट्रक जात, आणि मांडणीवरच्या काचेच्या नळ्या किणकिणत.

मला विज्ञान हवं होतं. कारण सांगण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

आठवीच्या पुस्तकात संयुजेचा एक तक्ता होता. हायड्रोजन एक, ऑक्सिजन दोन, सोडियम एक, कॅल्शियम दोन, असा. मला तक्ते आणि याद्या लहानपणापासून आवडतात. घरात रॉकेल कधी संपेल, कुणाचा सदरा धुवायचा आहे, हे मी आईला सांगत असे. तो तक्ता मी पहिल्याच दिवशी पाठ केला आणि वर्गात धडाधड म्हणून दाखवला. विज्ञानाचे सर त्या वर्षी नागपूरहून नवीन आले होते. ते म्हणाले, "छान. आता सांग, सोडियमची एकच का?"

पुस्तकात ते नव्हतंच. कारण माहीत नसलेली यादी म्हणजे अर्धीच यादी, हे मला तेव्हा कळलं.

सरांनी फळ्यावर एक ठिपका काढला आणि त्याभोवती तीन कडी. म्हणाले, "हा अणू. म्हणजे आपल्या इकडचं घर समजा. मध्ये केंद्रक, ते देवघर. आतल्या खोल्यांत राहणारे इलेक्ट्रॉन बाहेरच्या माणसाशी व्यवहार करत नाहीत. त्यांना बाहेर काय चाललंय याचं देणंघेणं नसतं. रस्त्यानं जाणाऱ्याशी कोण बोलतं? ओट्यावर बसलेला. सगळ्यांत बाहेरच्या कड्यावरचे जे इलेक्ट्रॉन, ते ओट्यावरचे. अणूची सोयरीक, भांडण, मैत्री, सगळं तेच ठरवतात. त्यांना म्हणायचं संयुजा-इलेक्ट्रॉन."

मग त्यांनी सोडियम मांडला. आत दोन, मधल्या कड्यावर आठ, ओट्यावर एकटा एक. क्लोरीन मांडला. ओट्यावर सात, आठाला एक कमी. निऑनच्या ओट्यावर आठ, ओटा भरलेला; त्याला कुणाकडून काही नको आणि कुणाला द्यायलाही काही नको, म्हणून तो कुणाशी बोलतच नाही. सोडियमचा एकटा उठून क्लोरीनच्या ओट्यावर जाऊन बसतो, दोघंही आठाचे होतात, आणि ते आपलं मीठ. तक्त्यातला प्रत्येक आकडा असा एकेक करून उलगडला. मी घरी जाऊन मिठाच्या बरणीकडे बराच वेळ बघत बसले. आई म्हणाली, "मीठ काय पह्यल्यांदा पाह्यलं काय वं?"

वर्गात माझी एक मैत्रीण होती. तिचे वडील तहसील कचेरीत कारकून होते. माझे वडील रस्त्याच्या कामावर मुकादम. छप्पन्न साली आमच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला तेव्हा मी जेमतेम नऊ वर्षांची होते. घरातलं देव्हाऱ्याचं फडताळ रिकामं झालं आणि वडिलांनी त्यात माझी पुस्तकं ठेवली. "आता हेच," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून माझ्या अभ्यासाकडे घरात कुणी पोरखेळ म्हणून पाहिलं नाही.

मैत्रीण हुशार होती आणि तिखट होती. आम्ही दोघी रोज शाळा सुटल्यावर तिच्या घराच्या ओट्यावर बसून अभ्यास करायचो. ओटा शेणानं सारवलेला, वर मंगळुरी कौलांची पडवी, बाजूला तुळस. तिची आई आतून यायची, दोघींची चौकशी करायची, मुरमुरे द्यायची. मी त्या घराच्या आत कधी गेले नाही. तसं कुणी म्हणालं नव्हतं. मी चप्पल काढायच्या आत सतरंजी ओट्यावर पडलेली असे.

मैत्रीण मात्र आमच्याकडे यायची ती थेट चुलीपाशी. आमच्या घराला ओटाच नव्हता. गल्लीतून पाऊल उचललं की स्वयंपाकघर. आई तिला पाट द्यायची. ती ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी बोटं चाटून खायची आणि म्हणायची, "काकू, आमच्या घरी सांगू नका बरं."

"कायले सांगू? मले तुया घरी कोन बोलावते?" आई हसून म्हणायची.

ती गेल्यावर मी आईवर चिडले. म्हटलं, "तुला काही कळत नाही. त्यांच्या ओट्यावर बसते म्हणजे मी बाहेरची नाही. बंध ओट्यावरच होतो. आतल्यांचा त्यात काही संबंध नसतो. सरांनी सांगितलं आहे."

"हो काय? मंग ते आपल्या आंदर कायले येते?"

"आपल्याला ओटा नाही म्हणून."

"बराबर हाय," आई म्हणाली आणि तवा उतरवायला वळली.

मी ते गंभीरपणे मानत होते. दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुणा मुलीच्या डोक्यात हे आलं नसतं. सरांनी अणू समजावा म्हणून घराचं उदाहरण दिलं, आणि मी घर समजावं म्हणून अणू वापरला. जे डोळ्यांना दिसत होतं त्याला मला एक शास्त्रीय कारण मिळालं होतं, आणि कारण मिळालं की माझी शंका मिटते.

हिवाळ्यात सरांनी मैदानावर धडा घेतला. कबड्डीच्या रेषांसाठी आणलेली चुन्याची फक्की होती, तिनं त्यांनी मोठमोठी कडी आखली आणि अख्खा वर्ग इलेक्ट्रॉन म्हणून उभा केला. मुलांचा सोडियम झाला, क्लोरीन झाला; सोडियमच्या ओट्यावरचा मुलगा पळत जाऊन क्लोरीनमध्ये शिरला तेव्हा मधल्या कड्यावरचे ओरडले, "जाय लेका, तुयावाचून काही अडलं नाही!" मग सरांनी दोन छोटी कडी एकमेकांत अडकवून काढली. हायड्रोजनचे दोन अणू. प्रत्येकाकडे एकच इलेक्ट्रॉन, आणि प्रत्येकाला हवेत दोन. कुणीच कुणाला देत नाही. दोघं आपापला एक मध्ये ठेवतात आणि दोन्ही दोघांचे होतात. कडी जिथं एकमेकांवर आली होती तिथं त्यांनी आम्हा दोघींना उभं केलं.

जागा अरुंद होती. आम्ही एकमेकींच्या दंडाला धरून उभ्या राहिलो.

"सर, हायड्रोजन लाजून राह्यला!" मागून आवाज आला.

"सर, ह्या दोघी भांडल्या त स्फोट होईन काय?"

मैत्रीण वळून म्हणाली, "झाला त पह्यले तुयाच अंगावर होईन. समोर उभा हायेस."

सर हसले. म्हणाले, "हा बंध आपोआप तुटत नाही. तोडायला ऊर्जा लागते. लक्षात ठेवा. फुकटात काही तुटत नाही."

हेडमास्तर व्हरांड्यातून बघत होते. सरांनी तिथंच विषय काढला. ह्या दोन्ही मुलींना नववीत विज्ञान द्या. हेडमास्तरांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. सर म्हणाले, "एकटी कुठं? दोघी आहेत."

"दोघी असतील तर देईन," हेडमास्तर म्हणाले. "एकटी आली तर नाही. आताच सांगून ठेवतो."

आम्ही परत जाताना मैत्रिणीनं माझा दंड सोडला नव्हता. "मी येणारच," ती म्हणाली. "तू नाही आलीस तर बघ." शपथ वगैरे घेतली नाही. तिनं म्हटलं आणि मी ते खरं धरलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नववीचा अभ्यास आधीच सुरू केला. सकाळी ऊन व्हायच्या आत तिच्या ओट्यावर. कार्बनपाशी आम्ही बराच वेळ अडकलो. त्याच्या ओट्यावर चार. चार देऊन टाकणंही अवघड, चार मिळवणंही अवघड. म्हणून तो चारही बाजूंनी भागीदारी करतो, आणि म्हणून जगातल्या सगळ्या सजीवांत कार्बन आहे. हे तिनं आधी ओळखलं, मी नाही. ती ओरडलीच, "अगं, याला कुणीही चालतं!"

मे महिन्यात एके दिवशी ओट्यावर गडद हिरवं कापड पसरलेलं होतं. तिच्या आईनं स्कर्ट बेतला होता, मशीनवर शिवलाही होता. तळाची दुमड राहिली होती. "मामेबहिणीसाठी आहे," मैत्रीण म्हणाली. "ती माझ्याएवढीच आहे." तिला शिवण येत नसे. माझी हातशिलाई बारीक होती, वर्गात माहीत होती. मी ती दुमड घालून दिली. टाके वरून दिसू नयेत म्हणून एकच धागा उचलत, सावकाश. ती उभी राहून स्कर्ट कमरेला लावून बघत होती आणि मी खाली बसून माप सरळ करत होते. त्या वेळी आम्ही कॅल्शियमबद्दल बोलत होतो.

शाळा उघडली त्या दिवशी ती आली नाही. मी उभी राहून 'विज्ञान' म्हणाले. मुलांनी बाकं वाजवली. वर्गशिक्षकांनी हेडमास्तरांकडे पाठवलं. ते म्हणाले, "दुसरी कुठाय?"

"येईल. आजारी असेल."

"शनिवारपर्यंत ये म्हणावं. मग गट बंद."

मी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. ओटा नुकताच सारवलेला होता. तिची आई बाहेर आली आणि मला बघून तिला खरंच आनंद झाला.

"अगं, ती तर अमरावतीला गेली. मामाकडे. तिथंच शाळेत घातलं तिला. तुला बोलली नाही?"

"कधी येणार?"

"आता दिवाळीला. मामेबहीण आणि ही, दोघींनी विज्ञान घेतलंय. मुलींची शाळा आहे, काळजी नाही. ह्यांनी मार्चमध्येच ठरवलं होतं." मग ती कौतुकानं म्हणाली, "आणि शाळेचा तो हिरवा स्कर्ट किती छान बसला हो हिला. तुझी दुमड सगळ्यांना आवडली. बस ना, उभी का?"

मी बसले नाही. बसायची जागा तीच होती, जिथं मी सुट्टीभर बसले होते.

तिनं विज्ञान सोडलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. मुलींचं शिक्षण सुटणं आमच्याकडे नवीन नव्हतं. पण तिनं विज्ञान सोडलं नव्हतं. तिला दुसरी मिळाली होती. आणि मार्चपासून मे संपेपर्यंत रोज ती माझ्यासमोर बसून पुढच्या वर्षी पत्र्याच्या खोलीत आपण कुठल्या खिडकीशी बसायचं ते बोलत होती.

घरी मी सांगितलं. मी आईकडे बघितलं नाही. वडील म्हणाले, "एकटीले घेत नाही ना? त दुसरी पाहू. गावात पोरी हायेत."

मी लगेच कामाला लागले. रडायला वेळ नव्हता. वर्गात आमच्या दोघींशिवाय दोन मुली होत्या. पहिलीचं लग्न ठरलं होतं, ती दारात हळदीचे हात घेऊन आली आणि म्हणाली, "तू आधी काहून नाही आली वं? बाबा महिनाभर तयार नव्हते लग्नाले. तेव्हा काही कारन दाखवता आलं असतं." दुसरी म्हणाली तिला गणिताची भीती वाटते, आणि गृहशास्त्राचं सामानही घेऊन झालं आहे. वडील मला सायकलवर बसवून केळापूरला घेऊन गेले. तिथली एक मुलगी आदल्या वर्षी आठवी होऊन घरी बसली होती. तिचे वडील भले होते, खाटेवर बसवून आमचं ऐकून घेतलं. म्हणाले, "दादा, पोरगी रोज यीन कशी? पावसाच्या पह्यले सांगतलं असतं त गावात राह्याची सोय पाह्यली असती. आता पेरनी सुरू हाय."

सगळीकडे हेच. आधी सांगायला हवं होतं.

शनिवारी मी एकटीच गेले. हेडमास्तरांनी मान हलवली. वाईट माणूस नव्हता. त्यानं जे सांगितलं होतं तेच केलं. सर पत्र्याच्या खोलीच्या दारात भेटले. त्यांना वाईट वाटत होतं. मास्तर माणसाला अशा वेळी धडाच आठवतो.

"हे बघ," ते म्हणाले, "जिकडे ओढ जास्त तिकडे इलेक्ट्रॉन जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नसतो."

"सर, इलेक्ट्रॉननं शब्द दिलेला नसतो," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली.

बंध तोडायला ऊर्जा लागते असं त्यांनी मैदानावर सांगितलं होतं. ते खरंच निघालं. फक्त ती कुणाला लागते हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी गृहशास्त्र घेतलं. त्यात मी पहिली आले, कारण काम नीट करायचं म्हटलं की मला येतं. खायच्या सोड्यानं पीठ का फुगतं, साबण मळ का उचलतो, हे आमच्या पुस्तकात 'असे होते' एवढंच असे. मी समासात कडी काढून बघायची. साबणाशी कडी पुरेनात. विचारायला कुणी नव्हतं.

मॅट्रिक झाल्यावर यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या भांडारात नोकरी मिळाली. ते काम माझ्यासारखीचंच होतं : काय आलं, काय गेलं, काय संपत आलं. सलाईनच्या बाटल्या मोजताना त्यांच्या चिठ्ठीवर सोडियम क्लोराइड वाचायची. ओट्यावरचा एकटा उठून गेलेला. दोघंही आता सुखात.

ती मला पुन्हा भेटली ते दशक संपत आलं तेव्हा. मी सुट्टी घेऊन घरी आले होते. मधल्या काळात वडिलांनी घर वाढवलं होतं आणि पुढे सिमेंटचा ओटा बांधला होता. गुळगुळीत, कडेला बसायला कट्टा. रस्त्याच्या कामातला माणूस, ओटा कसा पाणी न साचणारा झाला होता. तो वाळून फार दिवस झाले नव्हते.

ती गल्लीतून आली. अंगावर चांगली साडी, नुकतं लग्न झालेलं. रसायनात एम.एस्सी. करत होती. लांबूनच हाक मारली, आणि सवयीनं सरळ दाराकडे निघाली, चुलीच्या दिशेनं.

मी खुर्ची आणली आणि ओट्यावर मांडली. "बस," म्हटलं.

ती वळली आणि बसली. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग ती हसत म्हणाली, "ती चुन्याची कडी आठवतात? अगं, तसं काही नसतं. इलेक्ट्रॉन असा कड्यावर फिरत नाही. ढगासारखा असतो, कुठं आहे ते नेमकं सांगताच येत नाही. आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी ते चित्र विसरायला लावलं."

"म्हणजे सरांनी चुकीचं शिकवलं?"

"चुकीचं नाही. ढोबळ. शाळेपुरतं."

माझ्याकडे ते शाळेपुरतंच होतं. तेवढंही ती आता घेऊन गेली. मी चहा आणून दिला.

तिलाही ते जाणवलं असावं. कप हातात धरून ती म्हणाली, "तू अजून रागावली आहेस का? अगं, मी काय करणार होते? बाबांनी ठरवलं. आई म्हणाली, कुणाला सांगू नको, शाळेला कळलं तर दाखल्याला अडवतील. मी लहान होते."

"तू गेलीस त्याचं नाही," मी म्हणाले. "मार्चमध्ये सांगितलं असतंस तर माझ्याकडे तीन महिने होते. केळापूरची मुलगी आली असती. तिचे वडील तयार होते. लग्नवालीही आली असती कदाचित. मला दुसरी शोधता आली असती. तू मला शोधायला वेळ दिला नाहीस. वर स्कर्टची दुमड घालून घेतलीस."

"तो स्कर्ट," ती म्हणाली. "दुमड कधी उसवली नाही. दोन वर्षं वापरला."

"उसवायची नाहीच."

आतून आईनं आवाज दिला, "कोन आलं वं? आंदर बोलाव ना तिले, भाकर टाकून राह्यली."

ती उठली. कप कट्ट्यावर ठेवला आणि पदर सावरून आत बघितलं. दार सताड उघडं होतं, चुलीचा उजेड बाहेरपर्यंत येत होता.

"इथं हवा चांगली आहे, आई," मी म्हणाले. मी दारातच उभी होते, आणि बाजूला झाले नाही.